वरची पेटी

फार जुनी गोष्ट नाही. आपल्याच काळातली आहे, त्यामुळे हिच्यात राजा नाही, प्रधान नाही आणि ऋषींचा आश्रमही नाही. घाटाच्या पायथ्याशी एका गावात बंदुकांचा एक लहानसा कारखाना होता. कारखाना म्हणजे कौलारू छपराखालच्या लांबट खोल्या, पुढे ऐसपैस ओसरी, भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला सरकारी परवाना आणि आत दहा-बारा माणसे. तेथे शेतराखणीच्या बंदुका घडत असत. त्या भागात रान शेताला अगदी चिकटून होते. भुईमूग भरत आला की रानडुकरांचे कळप खाली उतरत आणि अख्ख्या हंगामाची मेहनत एका संध्याकाळी उकरून ठेवत. ज्याच्या नावावर परवाना असे तो शेतकरी या कारखान्याची बंदूक घेई. बहुतेक वेळा हवेत बार काढला की कळप पांगे. क्वचित एखादे डुक्कर मात्र पांगण्याऐवजी अंगावर येई.

हा कारखाना उभा केला तो बाबालाल शिकलगार यांनी. सारे गाव त्यांना वस्ताद म्हणे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांनी सगळा कारभार आपला शिष्य विश्राम पांचाळ याच्याकडे सोपवला आणि स्वतः घरामागच्या पेरूखाली खुर्ची टाकून बसले. डोळ्यांचे काही करून घ्या, असे सगळे सांगत; त्यावर, आता बघण्यासारखे राहिले आहे काय, असे म्हणून ते हसण्यावारी नेत. विश्राम मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा त्यांच्याकडे आला होता. लोखंडाला कानस कशी लावावी इथपासून माणसाशी कसे बोलावे इथपर्यंत त्याला जे काही येत होते, ते वस्तादांनी शिकवलेले होते. हे तो कुणापासून लपवीतही नसे.

त्या कारखान्यात बंदुकीची एकच जात घडे. तिच्या नळीखाली एक लाकडी मूठ असते. मूठ मागे ओढली की उडालेले काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस आत जाते. लोक तिला पंपाची बंदूक म्हणतात. दिसायला अगदी साधी, किमतीने गरिबाला परवडणारी. पण तिचे सारे मर्म त्या मुठीच्या सरकण्यात असते. आत कुठे बारीकशी धार राहिली, काडतुसाच्या घरात खरखर राहिली, तर मूठ अडते, काडतूस अडकते आणि हातात बंदूक नव्हे, नुसती काठी उरते.

म्हणून वस्तादांच्या वेळी एक रीत होती. तिला ते बसवणी म्हणत. जुळवून झालेली बंदूक लगेच पेटीत जायची नाही. ज्याने ती जुळवली त्यानेच ती घेऊन ओसरीवर बसायचे, तेलाचे बोट फिरवायचे आणि मूठ मागे-पुढे, मागे-पुढे करीत राहायचे. खोटी काडतुसे घालायची आणि काढायची. जिथे अडेल तिथे उघडायचे, घासायचे, पुन्हा जुळवायचे. दुपारभर हा उद्योग चाले, आणि गावातली लग्ने, भांडणे, निवडणुका असे सगळे विषयही तेथेच निकालात निघत. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, काय ही माणसे, कामधंदा सोडून गप्पा हाणत बसली आहेत.

विश्रामने ही रीत बंद केली. त्याच्या मनात काही खोट नव्हती. शहरातले परवानाधारक व्यापारी चनबसअण्णा शेटे हे कारखान्याचा बहुतेक सगळा माल उचलत. एके वर्षी त्यांनी सांगितले, बाहेरून आणखी स्वस्त माल येऊ लागला आहे. भाव उतरवा आणि माल वाढवा, नाहीतर आपले जमायचे नाही. विश्रामने लाकूड हलके केले, रंगाचा एक हात कमी केला, तरी भागेना. तेव्हा अण्णांनी ओसरीकडे बोट केले. "ही माणसं दिवसभर ते हलवत बसल्यात कशाला? गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर हलणारच हाय की ते. वापरता वापरता बसंल आपोआप." बोलणे बिनतोड वाटले. ओसरी रिकामी झाली, पेट्या वाढल्या, कुणाचे काम गेले नाही, आणि कारखाना तारून नेला म्हणून चार लोकांनी विश्रामची पाठही थोपटली.

एके सकाळी भागोजी गावडे नावाचा शेतकरी गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन आला. माणूस मोठा गमत्या. तो सांगू लागला तेव्हा कारागीर हातातली कामे ठेवून ऐकू लागले.

"पहिला बार झकास झाला," भागोजी म्हणाला. "कळप पांगला. पर एक दांडगं डुक्कर तितंच हुबं. म्या मूठ वडली, तर काडतूस निम्मं भाईर आणि निम्मं आत. वडतोय, वडतोय, हलंना. मग काय, बंदूक टाकली आणि आंब्यावर चढलो. माझं वय बघा आणि चढणं बघा."

सगळे हसले. भागोजीही हसला. मग गोणपाटाची घडी घालता घालता तो म्हणाला, "कुत्रं गेलं माझं. ते खाली ऱ्हायलं हुतं."

हसणे थांबले. विश्रामने बंदूक हाती घेतली, दोन-तीनदा मूठ ओढली, थोडे तेल सोडले आणि सवयीने जे तो सगळ्यांना सांगे तेच सांगितले, "नवी हाय, भागोजी. हळूहळू बसंल."

"बसंल की," भागोजी म्हणाला. "पर तवर डुक्कर थांबलं पायजे." त्याने बंदूक पुन्हा गोणपाटात गुंडाळली आणि तो निघून गेला. बंदुकीवर अजून वस्तादांच्या नावाचा ठसा असे, म्हणून जाता जाता तो पेरूखालच्या खुर्चीपाशीही थांबला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद काठी टेकीत कारखान्यात आले. विश्रामने लगबगीने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"शमीमसाठी बंदूक पायजे," वस्ताद म्हणाले. "तिचा परवाना झाला."

शमीम ही वस्तादांची एकुलती लेक. लहानपणी बापाचा डबा घेऊन रोज कारखान्यात यायची आणि विश्रामच्या मागे दादा, दादा करीत त्याच्या कानशी विस्कटायची. तिला रानाकडेच्या वाडीत दिली होती. गेल्या हंगामात डुकराने तिच्या नवऱ्याची मांडी फाडली. तेव्हापासून तो काठीशिवाय चालत नव्हता. भुईमूग आता भरत आला होता आणि राखणीला शमीमच बसणार होती. हे सगळे विश्रामला ठाऊक होते.

"बाजाराच्या दिवशी येईल ती न्यायला," वस्ताद म्हणाले. "आजच बाजूला काढून ठेव. वरची पेटी दे."

कोठीच्या खोलीत अण्णांच्या मालाच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. बाजाराच्या दिवशीच त्यांचा टेम्पो येणार होता. विश्रामने वरच्या पेटीला हात लावला आणि तो हात तिथेच थांबला.

"थांबा वस्ताद, जरा बघून देतो," तो म्हणाला.

त्याने वरची पेटी उघडली, मूठ ओढली आणि बंदूक बाजूला ठेवली. दुसरी उघडली, तीही ठेवली. तिसरीची मूठ जरा बरी सरकली. पण त्याने काडतुसाच्या घरात करंगळी फिरवली आणि नाक मुरडले. असे करता करता एक बंदूक त्याच्या मनास आली. तीही जशीच्या तशी नव्हे. ती घेऊन तो ओसरीवर बसला, उघडली, कानस लावली, बारीक कापडाने घर पुसून पुसून गुळगुळीत केले आणि मग मूठ हलवू लागला. कित्येक दिवसांत त्याने हे केले नव्हते. वस्ताद खुर्चीवर मान कलती करून तो आवाज ऐकत होते. त्यांना दिसत कमी होते, पण कान शाबूत होते. खरखर हळूहळू विरत गेली आणि दुपार कलता कलता मूठ अशी सरकू लागली की वाटावे, ती स्वतःच पुढे निघाली आहे. वस्ताद गालात हसत होते.

"झाली," विश्राम घाम पुसत म्हणाला. "शमीमला सांगा, डोळे मिटून वापर म्हणावं."

"घाल पेटीत," वस्ताद म्हणाले. "आणि ज्या उघडल्यास त्या बी भर."

मग त्यांनी जे केले ते पाहून सगळे चकित झाले. त्यांनी ती पेटी काखोटीला मारली, काठी टेकीत कोठीच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. आत पेट्या सरकवल्याचे, ठेवल्याचे, खोकल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या दाढीवर धूळ होती. विश्रामने आत डोकावले. सगळ्या पेट्या पुन्हा एकावर एक रचलेल्या, एकीसारखी दुसरी. बंदुकीवर क्रमांक ठोकायचे काम त्या कारखान्यात माल निघायच्या सकाळी होत असे, तेव्हा खूण म्हणून तोही उपयोगाचा नव्हता.

"वस्ताद, ती कुठं ठेवली?"

"हाय की त्यातच," वस्ताद म्हणाले. "शमीम आली की तिला वरची पेटी दे." आणि ते घरी गेले.

वय झाले, असे कारागीर एकमेकांत कुजबुजले. विश्रामला मात्र ते पटेना. म्हाताऱ्याने काहीतरी डाव टाकला आहे, इतके त्याला उमगत होते. डाव कोणता, हे उमगत नव्हते. पण त्यावर डोके शिणवायला वेळ नव्हता. शमीमची बंदूक आधी शोधायला हवी होती. वरची पेटी तिला देणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोठीतच बैठक मारली. पेटी उघडायची, बंदूक काढायची, मूठ ओढायची. अडली. ही नव्हे. भिंतीशी टेकवून ठेवायची. पुढची. हीही नव्हे. त्याचा हात इतका तयार होता की मूठ अर्धी सरकण्याआधीच त्याला निकाल कळे. काहींच्या मुठीला वाळू लागल्यागत खरखर होती. एकीत खोटे काडतूस इतके घट्ट रुतले की लाकडी ठोकणीने काढावे लागले. ही नव्हे, ही नव्हे, असे तो आधी मनात म्हणत होता. मग नकळत मोठ्याने म्हणू लागला. बाहेरचे कारागीर ते ऐकत होते आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हते, कारण त्यातली प्रत्येक बंदूक त्यांच्यापैकी कुणीतरी जुळवलेली होती.

उन्हे माथ्यावर आली तेव्हा ती सापडली. मूठ हातात घेतली आणि ओळख पटली. विश्रामने ती बंदूक मेजावर ठेवली आणि म्हणाला, "चला, मिटलं. बाकीच्या भरा रे पेटीत."

कुणी हलले नाही. मग तो स्वतःच उठला. भिंतीला टेकवलेल्या बंदुकांची रांग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. त्याने पहिली उचलली. पेटीचे झाकण उघडे होते, नुसती आत ठेवायची होती. आणि त्याला भागोजी आठवला, आंब्यावर चढलेला. त्याचे खाली राहिलेले कुत्रे आठवले. भागोजीची बंदूकही अशीच कुणीतरी पेटीत ठेवली असणार. कुणीतरी कशाला, झाकण त्यानेच लावले असेल. त्याने ती बंदूक परत भिंतीला लावली. त्याला फार लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे जागा नव्हती.

तो तडक वस्तादांच्या घरी गेला. वस्ताद पेरूखाली बसले होते.

"सापडली?" त्यांनी विचारले.

"सापडली. पण बाकीच्या भरायला हात होईना." विश्राम जमिनीवरच बसला. "वस्ताद, एवढं कशाला केलं? चुकलास म्हणून दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं."

"त्यानं माझा हात दुखला असता," वस्ताद म्हणाले. मग शांतपणे बोलू लागले. "भागोजी मला समदं सांगून गेला. म्हटलं, आपल्या पोराच्या हातातनं इलम गेला का काय? ज्याचा इलम गेला त्याला आपलं चुकतंय हे ठाऊकच नसतं. त्यानं मला वरची पेटी हसत हसत दिली असती. तू तशी दिली असतीस, तर मी एक शब्द बोललो नसतो. घरी येऊन गप पडलो असतो. पर तुझा हात पेटीवर गेला आणि थांबला. तवा मला लई बरं वाटलं, विश्राम. इलम गेला न्हवता. तो तू ओळखीच्या माणसासाठी राखून ठेवला हुतास, एवढंच."

विश्राम खाली बघत होता.

"शमीमचा बाप तुझ्या ओळखीचा, म्हणून तिच्यासाठी तू दुपारभर बसलास. आता ज्याचा बाप तुला ठाऊक न्हाई त्यानं काय करायचं? म्हणून मी पेट्या मिसळल्या. कोणची कुणाकडं जाणार हे कारागिराला कळूच नये. कळलं की हात कमी-जास्त हुतो. माझा बी झाला असता."

"पण भावात बसत न्हाई, वस्ताद. स्वस्तातला माल हाय."

"स्वस्त म्हंजे साधं," वस्ताद म्हणाले. "लाकूड हलकं लाव, रंग लावू नको, पेटी पुठ्ठ्याची कर. कोण नाव ठेवणार न्हाई. पर स्वस्त म्हंजे अर्धवट न्हवं. आपलं निम्मं काम तू घेणाऱ्याच्या गळ्यात घातलंस. ते त्यानं कुठं बसून करायचं? त्याला काय ओसरी हाय, का कानस हाय? त्याच्या म्होरं डुक्कर हाय."

एवढे बोलून त्यांनी पेरूची फांदी चाचपली, एक पिकलेला पेरू तोडला आणि शिष्याच्या हातात दिला. विश्रामने तो तिथेच बसून खाल्ला. त्याला सकाळपासून भूक लागल्याचे आता कळले.

परत आल्यावर त्याने कारागिरांना फार काही सांगितले नाही. ओसरी झाडून घेतली, भिंतीच्या कडेने गोणपाटे अंथरली आणि भिंतीला टेकवलेल्या बंदुकांपैकी हाताला लागेल ती घेऊन बसला. एकेक करून बाकीचेही येऊन बसले. पहिल्या दुपारी सगळे गप्पच होते. काहींना ठोकळमानाने जुळवायची सवय लागली होती. त्यांचे हात दुखले, एकाच्या तळव्याला फोड आले, आणि त्याने विश्रामच्या नावाने पुरेशी कुरकुर केली. ज्या बंदुका बसल्या त्या पेटीत जाऊन ओसरीच्या एका टोकाला रचल्या जाऊ लागल्या. शमीमसाठी मेजावर ठेवलेली बंदूक विश्रामने उचलली, पेटीत घातली आणि त्याच राशीत मधे कुठेतरी सारली. मग बराच वेळ तो त्या राशीकडे बघतही नव्हता, कारण नजर पुन्हा तीच पेटी शोधेल अशी त्याला धास्ती वाटत होती. मूठ सरकवण्याच्या आवाजाची मात्र कानाला पुन्हा सवय होऊ लागली.

बाजाराचा दिवस उजाडला. बसवणी झालेल्या बंदुकांवर क्रमांक ठोकून पेट्या बंद होत होत्या, तोच चनबसअण्णांचा टेम्पो आला. कोठीत अजून निम्मा माल उघडाच होता. अण्णांनी आत पाहिले, ओसरीकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"विश्राम, हे काय चाललंय? हंगाम तोंडावर आलाय. गिऱ्हाईक माझ्या दारात बसलंय."

"झालेल्या तेवढ्या आज न्या, अण्णा. बाकीच्या पाठवतो. इथनं पुढं भाव तोच ठेवतो, पण माल कमी येईल आणि सावकाश येईल."

"मग मला दुसरा कारखाना बघावा लागंल."

"बघा," विश्राम म्हणाला.  अण्णा गेले तर समोर बसलेल्या दहा-बारा घरांच्या चुली अडतील, हे त्याला दिसत होते. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही.

अण्णा टेम्पोकडे निघाले, पण दोन पावले जाऊन थांबले. पेट्या मिसळल्याची गोष्ट त्यांच्या चालकाने एव्हाना कुणाकडून तरी ऐकून त्यांच्या कानात घातली होती. ते विश्रामजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. वस्तादांच्या लेकीसाठी तू एक खास काढलीस म्हणं. तशी एक माझ्या मेव्हण्याला पायजे. त्याचं बी शेत रानाकडंलाच हाय."

विश्रामला हसू आले, पण त्याने ते दाबले. तो अण्णांना कोठीत घेऊन गेला आणि बसवणी न झालेल्या बंदुकांसमोर उभे केले. "घ्या की. मेव्हण्यासाठी निवडा."

अण्णा कारागीर नव्हते, पण जन्म बंदुका विकण्यात गेला होता. त्यांनी एक उचलली, मूठ ओढली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरीवर जरा जोर लावला, आणि तिच्यात अडकलेले खोटे काडतूस बघत उभे राहिले. पुढची त्यांनी उचललीच नाही. इतके दिवस हाच माल त्यांनी स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकापुढे ठेवला होता, आणि याची आठवण करून द्यायला कुणाची गरज नव्हती.

"आणि त्या भाईरच्या?" त्यांनी विचारले.

ओसरीच्या टोकाची एक पेटी त्यांनी उघडली. मूठ सरकली. तुलनेला म्हणून दुसरी उघडली, मग आणखी एक. कुठली कुठल्या पेटीतून काढली याचा त्यांचा घोळ झाला. "सगळ्या सारख्याच हायत की," ते जवळजवळ तक्रार केल्यासारखे म्हणाले.

"मग कोणची बी न्या," विश्राम म्हणाला.

अण्णांनी व्यापाऱ्याला शोभेल अशी थोडी घासाघीस केली, पुढच्या खेपेचा आकडा निम्म्यावर आणला, आणि दुसऱ्या कारखान्याचे नाव काही पुन्हा काढले नाही. टेम्पो भरला गेला. निम्म्या आकड्यात ओढाताण होणार हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळत होते. पण निदान काम होते, आणि ते कसे करायचे हे हाताला पुन्हा आठवले होते.

उन्हे कलताना एसटीतून शमीम आली. वाटेत घरी थांबून बापालाही सोबत घेऊन आली होती. तिने पिशवीतून परवाना काढून दिला, कागदांची कामे झाली. टेम्पोत न मावलेल्या चार-सहा पेट्या ओसरीवर उरल्या होत्या. विश्रामने त्यातली वरची उचलली आणि न उघडता तिच्या हातात दिली.

"दादा, बघत न्हाईस उघडून?" शमीमने विचारले.

"बघून झालंय," तो म्हणाला.

वस्ताद पायरीवर उभे होते. "कोणची दिलीस?"

"वरची."

"आणि तू निवडलेली ती?"

विश्रामने टेम्पो गेला त्या रस्त्याकडे पाहिले, मग शमीमच्या हातातल्या पेटीकडे. "गेली आसंल कुणाकडं तरी. न्हाईतर हीच आसंल. मला सांगता येत न्हाई, वस्ताद."

शमीमने एव्हाना पेटी उघडली होती. तिने रस्त्याकडे पाठ केली, नळी आभाळाकडे धरली आणि मूठ मागे-पुढे केली. वस्तादांनी मान कलती करून ऐकले. पुन्हा कर, असे त्यांनी हाताने खुणावले, आणि तिने पुन्हा केली. त्यांचा चेहरा असा उजळला की विश्रामला भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून तो उगाच तेलाची बाटली शोधू लागला.

वस्ताद ओसरीवर येऊन गोणपाटावर मांडी घालून बसले. "रिकामं बसवत न्हाई. एखादी दे हिकडं."

विश्रामने आतून एक बंदूक आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. वस्तादांनी तिच्यावरून बोटे फिरवली. ती नवी नव्हती. लाकडी दस्त्याला दगडमातीवर आपटल्याचे ओरखडे होते.

"ही कुणाची?"

"भागोजीची. काल जाऊन घेऊन आलो. नोंदवहीत बघितलं, मीच जुळवली हुती ती, म्हणून बसवणी मीच केली. तुम्ही एकदा बघा, म्हंजे उद्या त्याला नेऊन देतो."

वस्तादांनी मूठ मागे ओढली आणि पुढे ढकलली. "बसली," ते म्हणाले, तरी आणखी एक तेलाचे बोट फिरवायला त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. शेजारच्या कारागिराने बाटली दिली आणि आपली बंदूक पुन्हा हलवायला घेतली. पलीकडे कुणीतरी येत्या निवडणुकीचा विषय काढला, आणि संध्याकाळची एसटी येईपर्यंत शमीमही त्या वादात पडली.